भटारखान्यातली उमेदवारी



मघाशी निवेदकांनी जाहीर केलं की व्याख्यान संपल्यावर बटाटेवडा आणि चहा आहे. म्हणजे मी किती वेळ बोलायचं हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही, ते कढईतल्या तेलावर ठरणार. हरकत नाही, विषयाला तिथूनच हात घालता येईल. सभागृहात तीनशे माणसं आहेत असं धरू. माणशी दोन वडे, म्हणजे सहाशे. एका वड्याला पन्नास ग्रॅम बटाटा धरला तरी तीस किलो उकडलेला बटाटा झाला. घरी आपण पंधरा वडे करतो. तीच कृती चाळीसनं गुणली की काम झालं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा गुणून बघावं.

पहिली अडचण सारणाची. तीस किलो गरम सारण घमेल्यात दाबून ठेवलं की वरून ते गार लागतं, आत मात्र कित्येक तास कोमट राहतं. दुपारी एकला केलेलं सारण संध्याकाळी सहाला आंबूस लागतं ते यामुळे. घरच्या पातेलीत हा प्रश्नच येत नाही, कारण तेवढं सारण पाहता पाहता निवतं. दुसरी अडचण तेलाची. घाई म्हणून एका घाण्यात चाळीस वडे सोडले की तेलाचं तापमान कोसळतं आणि वडा तळला जाण्याऐवजी तेल पितो. मग आचारी गॅस मोठा करतो, तेल जळतं आणि पुढचा घाणा बाहेरून काळा, आतून गार निघतो. भाताचंही तसंच. मोठ्या टोपात भात लावला की तांदळाच्या प्रमाणात वाफ कमी उडते, कारण टोपातला ऐवज वाढतो तितकं त्याचं तोंड वाढत नाही. वाटीला दोन वाट्या पाणी हे घरचं माप पन्नास किलोला लावलं तर खाली गोळा होतो. मीठ-मसाल्यालाही सरळ गुणाकार चालत नाही.

हे सगळं आपल्याकडच्या जाणत्या आचाऱ्यांना ठाऊक असतं. लग्नाघरी हजार पानांचा स्वयंपाक ओढणारा माणूस हे कुठल्या पुस्तकात वाचून आलेला नसतो. मग प्रशिक्षणाचं एवढं काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. प्रशिक्षणानं हाताला चव येते असं मी म्हणणार नाही. ती कधी येते, कधी येत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या आचाऱ्याचं ज्ञान त्याच्या मालकाच्या, ठेकेदाराच्या किंवा गाववाल्यांच्या ओळखीच्या परिघात अडकलेलं असतं. तो परिघाबाहेर गेला की शून्यावर येतो. व्यवसाय शिक्षणाचं खरं काम हे ज्ञान त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर करून देणं हे आहे. आज मी एवढंच सांगायला आलोय, बाकीचा वेळ उदाहरणांचा.

स्वयंपाकाचा पेशा जगभर उमेदवारीतूनच वाढला. ज्याला आधुनिक हॉटेलच्या स्वयंपाकघराचा शिल्पकार मानतात तो ऑग्युस्त एस्कॉफिए तेराव्या वर्षी नीस शहरात काकाच्या रेस्टॉरंटमध्ये उमेदवार म्हणून लागला. पुढे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्यात स्वयंपाकी होता. १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेल्यावर त्यानं भटारखान्याची लष्करासारखी रचना पक्की केली: सॉसचा वेगळा माणूस, भाजण्याचा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, गोडाचा वेगळा, आणि प्रत्येकाच्या हाताखाली उतरंड. १९०३ साली त्यानं सगळ्या कृती एका ग्रंथात बांधल्या. हा माणूस थोर कशासाठी, तर सॉस चांगला करायचा म्हणून नव्हे. एका भटारखान्यात शिकलेला पोरगा दुसऱ्या शहरातल्या भटारखान्यात सोमवारी सकाळी उभा राहून कामाला लागू शकेल, ही सोय त्यानं करून ठेवली. आजही पुण्यातल्या हॉटेलातला कॉमी, म्हणजे सर्वांत कनिष्ठ स्वयंपाकी, दुबईत किंवा जहाजावर जातो तेव्हा ‘मीझां प्लास’ म्हटलं की काय करायचं हे त्याला सांगावं लागत नाही. ऑर्डर यायच्या आधी चिरणं, वाटणं, मोजणं, डबे भरणं, लेबल लावणं, सगळं झालेलं असलं पाहिजे.

मुंबईतही उमेदवारी होती, पण ती गावानं आणि नात्यानं चालायची. माटुंग्याचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. अशा उडुपी हॉटेलांत दक्षिण कन्नड भागातून आलेलं पोरगं टेबल पुसण्यापासून सुरुवात करायचं, मग कपबशा, मग रगड्यावर डाळ-तांदूळ वाटणं, मग तवा. यातली कित्येक मुलं दिवसा हॉटेलात राबून रात्री कन्नड रात्रशाळेत जात. मला या रात्रशाळांचं फार अप्रूप वाटतं. पुढे याच मुलांमधून हॉटेलांचे मालक उभे राहिले, त्यात रात्रशाळेचा वाटा किती आणि डोशाचा किती, हे कुणी अभ्यासून बघायला हवं. गोव्याच्या खानसाम्यांचीही तीच गोष्ट. जहाजांवर, साहेबांच्या बंगल्यांवर, क्लबांत त्यांना मागणी होती. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावाचे कूड होते, त्या कूडात उतरायचं, गाववाला आपल्या ओळखीनं बोटीवर चढवायचा. व्यवस्था उत्तम होती, फक्त त्या गावचं असणं आवश्यक होतं. ज्याला उडुपीकडे मामा नाही की साष्टीत काका नाही, अशा लातूरच्या पोरानं काय करायचं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

ते उत्तर पुढे स्वयंपाकाच्या संस्थेतून आलं, मात्र ती संस्था निघाली हॉटेलांसाठी नव्हे, धान्यटंचाईतून. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं रेशनची होती. कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ केंद्रात अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनं १९५४ मध्ये मुंबईत केटरिंगची शिक्षणसंस्था काढली. आज दादरला, वीर सावरकर मार्गावर ती उभी आहे, आणि तिच्या लांबलचक नावात हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी यांच्या जोडीला ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ आजही आहे. तारांकित हॉटेलांच्या झगमगाटात हे शेपूट कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते ती त्या नावातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. केरळातून आलेल्या थंगम फिलिप या संस्थेच्या प्रदीर्घ काळ प्राचार्य होत्या. त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘मॉडर्न कुकरी’ हे पाठ्यपुस्तक देशभरातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या पिढ्यांनी वापरलं. भारतीय पदार्थांची वजनी मापं, शिकवता येतील आणि तपासता येतील अशी, त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिली.

आपल्याकडे, मराठीत, साधारण त्याच सुमारास एक समांतर गोष्ट घडली. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यात वाटी-चमच्याची मापं होती. नव्यानं संसार मांडणाऱ्या किती मुली त्या पुस्तकावर शिकल्या हे या सभागृहात मी वेगळं सांगायला नको. वाटीच्या मापानं घर उभं राहतं. धंदा मात्र ग्रॅमनं आणि रुपयानं चालतो. आयटीआयच्या फूड प्रॉडक्शनच्या वर्गात अगदी सुरुवातीलाच जो हिशेब यायला हवा तो सांगतो. समजा कांदा तीस रुपये किलो आहे. दहा किलो आणला, तीनशे रुपये गेले. सोलून, देठ काढून, खराब भाग टाकून हाती साडेआठ किलो आला. म्हणजे तुमच्या पातेल्यात पडणारा कांदा तीसनं नव्हे, पस्तीस रुपयांहून थोडा महागच पडला. आता हाच हिशेब कोथिंबिरीला, फ्लॉवरला, कोळंबीला लावून बघा. कोळंबीचं डोकं-साल काढल्यावर तिचा भाव ऐकून माणूस शाकाहारी होईल. चांगली चव असूनही बुडालेली खानावळ आपण प्रत्येकानं पाहिलेली असते. ती बहुतेक वेळा या हिशेबात बुडालेली असते, आणि मालक शेवटपर्यंत म्हणत राहतो की जागा लाभली नाही.

आता दारं कोणती, ते थोडक्यात. पालक सभेनंतर हेच विचारतात म्हणून सांगून टाकतो. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांची पदवी आहे. ती चालवणाऱ्या संस्थांची राष्ट्रीय परिषद १९८२ मध्ये स्थापन झाली. ही पदवी व्यवस्थापनाकडे जास्त झुकते. त्यात स्वयंपाक हा अनेक विषयांतला एक. दहावीनंतर दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शन आणि पॅटिसरीचा कारागिरी अभ्यासक्रम आहे. आणि आयटीआयचा एक वर्षाचा ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ हा ट्रेड आहे, त्याच्या शेजारी ‘बेकर अँड कन्फेक्शनर’. शाळा सोडलेल्यांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयानं २००९-१० मध्ये ‘हुनर से रोजगार’ सुरू केलं. आठवी पास मुलाला काही आठवड्यांचं मोफत प्रशिक्षण. याखेरीज दर शहरात रंगीत माहितीपत्रकं छापणाऱ्या खासगी अकादम्या आहेत. त्यांतल्या काही चांगल्या आहेत, काहींमध्ये विद्यार्थी पांढरा कोट घालून वर्षभर शिक्षकाला स्वयंपाक करताना बघतो.

माझं माप एकच: मुलगा स्वतःच्या हातानं किती माल चिरतो. या निकषावर मी आयटीआयच्या बाजूचा माणूस आहे. वेल्डर आणि फिटर यांच्या शेजारी स्वयंपाकाचा वर्ग भरतो याची पालकांना लाज वाटते, मला तीच त्यातली उत्तम गोष्ट वाटते. तिथं हा एक हातचा धंदा आहे आणि तो हत्यारापासून सुरू होतो. सुरी कशी धरायची, दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून पेर पुढे कसं ठेवायचं, सुरीची धार कधी लावायची. चिरलेल्या गाजराचे तुकडे सारखे का हवेत? दिसायला म्हणून नव्हे. लहान तुकडा विरघळतो तेव्हा मोठा कच्चा असतो, म्हणून. चांगला निदेशक पहिले काही आठवडे गॅस पेटवूच देत नाही आणि मुलं वैतागतात, कारण ती टीव्हीवर शेफ बघून आलेली असतात.

टीव्हीनं या क्षेत्राला प्रतिष्ठा दिली हे खरं. फक्त टीव्हीवर पायऱ्या दिसत नाहीत. मोठ्या हॉटेलात मुलगा लागतो तो कॉमी म्हणून, त्यातही कॉमी थ्री, टू, वन. मग डेमी, मग सीडीपी म्हणजे एका विभागाचा कारभारी, मग सू शेफ, आणि एक्झिक्युटिव्ह शेफ झाला तर कानशिलं पिकल्यावर. सुरुवातीला तो बऱ्याचदा बँक्वेच्या बल्क किचनमध्ये किंवा स्टाफ कॅफेटेरियात असतो, म्हणजे गोण्यांच्या हिशेबात कांदा. ब्रेक शिफ्ट असते: सकाळी काम, दुपारी तीन-चार तास सुट्टी, ज्यात घरी जाऊन परत येणं शक्य नाही, मग रात्री पुन्हा काम. सगळं गाव जेवायला बाहेर पडतं तेव्हा, दिवाळीत, एकतीस डिसेंबरला, रविवारी, तुम्ही भट्टीपाशी. मनगटावर चटक्यांच्या खुणा. पहिल्या दोन वर्षांत सोडून जाणारे पुष्कळ असतात, आणि सोडून जाणाऱ्यांना मी कच्चं म्हणत नाही. आधी खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं काही निवडलं असतं.

आणि इथं मला एक तक्रार नोंदवायची आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. उमेदवाराला विद्यावेतन मिळावं, ठरलेल्या क्रमानं त्याला सगळी कामं शिकवावीत, असं त्यात अपेक्षित आहे. प्रत्यक्षात मी माझा असा विद्यार्थी भटारखान्यातून परत येताना पाहिलाय की ज्यानं सहा महिने फक्त अंडी फोडली, किंवा बुफेच्या मागं उभं राहून ऑम्लेट उलटली. त्याच्या वहीवर मात्र सगळ्या विभागांच्या सह्या. संस्थेनं वही तपासली, सह्या मोजल्या, शिक्का मारला. उमेदवारीच्या नावाखाली स्वस्त हात मिळवणं हा गुन्हा फक्त हॉटेलवाल्यांचा नाही; सही पाहून गप्प बसणारे आम्ही शिक्षकही त्यात आहोत. एखादा निदेशक महिन्यातून एकदा अचानक त्या भटारखान्यात जाऊन उभा राहिला तर निम्मं काम होईल. प्रवासभत्ता कुणी द्यायचा, यावर ते अडतं.

आता सुरक्षिततेचं. आपल्याकडे ‘स्वच्छता’ म्हटलं की लादी पुसणं आठवतं. शिकलेला स्वयंपाकी तापमान विचारतो. पाच ते साठ अंश सेल्सियसच्या मधलं अन्न हे जंतूंना आंदण दिलेलं अन्न असतं. म्हणून गरम ते साठच्या वर, गार ते पाचच्या खाली, आणि मधला प्रवास शक्य तितका लवकर. मघाचं ते बटाट्याचं सारण परातींत पातळ पसरायचं ते यासाठी. शिजलेला भात रात्रभर टोपात झाकून ठेवला तर त्यातले काही जिवाणू शिजवूनही न मेलेल्या बीजाणूंतून पुन्हा वाढतात आणि सकाळी फोडणी दिली तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला, २०११ च्या नियमांत हातगाडीपासून हॉटेलापर्यंत सगळ्यांना नोंदणी किंवा परवाना आला. तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा पंचवीस टक्के ठरली, ती जुलै २०१८ पासून लागू आहे. कायदा बरा आहे. पण तेल तपासणारं साधं उपकरण किती भटारखान्यांत आहे ते विचारू नका. साठ अंश मोजणारा सळईचा थर्मामीटर तर तुलनेनं स्वस्त असतो, तरी तो आचाऱ्याच्या खिशात दिसला की लोक हसतात.

शिकणाऱ्यानं फ्रेंच सॉसपासून सुरुवात का करायची, यावर दर वर्षी एखादा स्वाभिमानी मुलगा वाद घालतो. मला तो मुलगा आवडतो. पण स्टॉक, रू, इमल्शन ही व्याकरणाची पुस्तकं आहेत, ती शिकल्यानं कुणी पिठलं विसरत नाही. फ्लॉइड कार्डोझ यांचं उदाहरण घ्या. मुंबईत वाढलेले, गोव्याच्या मुळाचे. जीवरसायनशास्त्र सोडून हॉटेल मॅनेजमेंटकडे आले, मुंबईत शिकले, मग स्वित्झर्लंडला गेले. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ उघडलं तेव्हा भारतीय मसाले आणि पाश्चात्त्य तंत्र यांची सांगड त्यांनी तिथल्या गिऱ्हाइकांपुढे मांडली. २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही अमेरिकी स्पर्धा ते जिंकले, आणि अंतिम फेरीत त्यांनी काय वाढलं? उपमा. रानातल्या अळिंब्यांचा का होईना, पण उपमाच. मार्च २०२० मध्ये कोविडनं ते गेले. उपमा जागतिक व्यासपीठावर नेण्याची हिंमत ज्या माणसात होती त्याचं तंत्र परदेशी भटारखान्यांतही घडलेलं होतं. उलट माझा आक्षेप हा की थालीपीठ, पाटवडी, सुकटीची चटणी, तांबडा-पांढरा रस्सा हे पदार्थ आपल्या वर्गांत ‘प्रादेशिक’ म्हणून एखाद्या तासात उरकले जातात. सॉसला जी वजनं, जी तापमानं, जी उलटतपासणी, ती भाजणीला का नाही? भाजणी किती भाजायची हे सांगताना आपण अजून ‘खमंग वास येईपर्यंत’वर थांबतो.

भाजणी म्हटल्यावर बायकांचा विषय आलाच. घरात रांधायचं तिनं आणि पगार मिळाला की कढईजवळ उभा राहणार तो, ही आपली जुनी वाटणी. ती मोडण्याचा मोठा प्रयत्न मुंबईच्या गिरणगावात झाला. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामातल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकृत बँकेनं या बायकांना कर्ज द्यावं, हे त्यांनी घडवून आणलं. तारण ठेवायला यांच्याकडे दागिना नव्हता. दोन्ही वेळचं जेवण वेळेवर घालण्याची वर्षानुवर्षांची सवय होती. १९८२ च्या संपानं गिरण्या आणि गिऱ्हाईक दोन्ही गेलं, पण मंडळ केटरिंगकडे वळून टिकलं. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रातल्या स्वयंपाकाच्या व्यावसायिक शिक्षणाच्या इतिहासात १९५४ इतकंच १९७५ हे साल महत्त्वाचं आहे, जरी तिथं कुणाला पदविका मिळाली नाही.

आज सर्वांत जास्त माणसांसाठी रोज स्वयंपाक कोण करतं? तारांकित हॉटेलं नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या बायका करतात. दोन-अडीचशे मुलांचं जेवण, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या धान्यात. बल्क किचनमधला कॉमी जे शिकायला पैसे मोजतो ते यांना येतं, आणि त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे. तिच्यात चाचणी घेऊन उणीव असेल तेवढंच शिकवायचं असतं. या बायकांना तापमान, साठवण आणि हिशेब एवढं शिकवलं आणि हाती प्रमाणपत्र दिलं तर तालुक्याच्या वसतिगृहाचा, रुग्णालयाच्या कँटीनचा ठेका त्या स्वतःच्या नावानं मागू शकतील. आज तोच ठेका घेणारा माणूस त्यांनाच रोजानं कामाला ठेवतो.

या शिकवणीसाठी जागाही शोधायला नको. जिथं फूड प्रॉडक्शनचा ट्रेड आहे त्या आयटीआयचं स्वयंपाकघर संध्याकाळी बंद असतं. गॅस आहे, ओटे आहेत, फ्रीज आहे, निदेशक आहे. उडुपीच्या पोरांना रात्रशाळा होती, तशी ही रात्रीची भट्टी लावावी. धाब्यावरची मुलं, खानावळवाल्या, पोषण आहारवाल्या, कुणीही यावं. कच्च्या मालाचं काय, असं प्रत्येक प्राचार्य विचारतो, कारण वर्षाला मिळणारं अनुदान पहिल्या सत्रातच संपतं आणि मग तीस मुलांत एक किलो कोंबडी ‘दाखवली’ जाते. माझं उत्तर: शिजलेलं विका. एका सत्रात जेवण करा, दुसऱ्या दिवशी दुपारी ताट ठेवून विका, जमाखर्च विद्यार्थ्यांनीच लिहावा. नियमात बसत नसेल तर नियम बदलून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरी असते, एसटी स्टँड असतं, बँका असतात, साध्या घरगुती जेवणासाठी दुपारी एक वाजता भटकणारी माणसं असतात. त्यांना वरण-भात, दोन पोळ्या आणि पालेभाजी रास्त दरात मिळाली तर गिऱ्हाईक शोधायला जावं लागणार नाही.